आनूप देशातील जोडकेस : केशभूमीचे रक्षण व परिचर्या



स्त्रियांच्या केशसंभारात बाहेरचे केस मिळविण्याची प्रथा आपणांस नवी नाही. आपल्या आजी-पणजीच्या पेटीत गंगावन असे. लग्नकार्यात वा सणासुदीला ते वेणीत गुंफीत आणि वेणी सोडली की काढून, विंचरून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवीत. दशावतारात स्त्रीपात्र रंगविणारे कलावंतही खेळ आटोपला की डोक्यावरचा केशभार उतरवितात. म्हणजे तो भार काही घटिकांचा होता आणि त्याखालील त्वचेस रोज मोकळा वारा लागत होता.

आज ज्यास हेअर एक्स्टेन्शन म्हणतात तो प्रकार याहून निराळा आहे. चिकट पट्टी, वितळविलेले केराटिन, बारीक धातूची कडी किंवा शिवण यांच्या साहाय्याने हे केस मुळाजवळ बांधले जातात आणि सहा ते आठ आठवडे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ, तेथेच राहतात. शहरातील केशकर्तनालयांतून ही प्रथा आता कोकणपट्टीतील तालुक्याच्या गावी पोचली आहे. असे केस लावलेल्या रुग्णा आपल्या चिकित्सालयात कंडू, कोंडा, दुर्गंध वा केसगळतीची तक्रार घेऊन येतात आणि पुष्कळदा जोडकेसांचा उल्लेखही करीत नाहीत. प्रस्तुत लेखात या केसांना सोयीसाठी ‘जोडकेस’ म्हटले आहे. उष्ण व दमट सागरी हवामानात त्यांची निगा कशी राखावी, कोणास ते वर्ज्य सांगावे आणि उपद्रव झाल्यास काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

एक स्वानुभव

प्रारंभी स्वतःची एक चूक नमूद करतो. खाडीकाठच्या गावातील एक तरुण शिक्षिका आषाढात माझ्याकडे आली. डोक्यास कंडू व केसगळती या तक्रारी होत्या. मी नाडी, जिव्हा पाहिली, आहार विचारला, दारुणकाचे निदान केले आणि रात्री माक्याचे सिद्ध तेल केशमुळांशी चोळण्यास सांगितले. केस बाजूस सारून केशभूमी मात्र पाहिली नाही. वैशाखात घरच्या लग्नासाठी तिने पट्टीचे जोडकेस लावले होते व ते काढण्याची मुदत उलटून गेली होती. संकोचाने तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

दोन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा तेलाने पट्ट्या सरकल्या होत्या, गळालेले केस त्यांत अडकून जटा झाल्या होत्या, आणि खालच्या ओल्या त्वचेवर स्रावयुक्त पिटिका उठल्या होत्या. त्या जटा सोडविण्यास तीन तास लागले. व्रण महिन्याभरात भरले. उजव्या कानशिलावरील केस शिमग्यापर्यंत बऱ्यापैकी आले, परंतु डाव्या कानशिलावर दोन बोटे रुंदीची जागा आजही विरळ आहे. तेल शास्त्रोक्त होते, निदानही सर्वस्वी चुकीचे नव्हते. दर्शन आणि प्रश्न या दोन परीक्षांत मी उणा पडलो. तशी चूक इतरांकडून होऊ नये हाच या लेखनाचा हेतू.

शास्त्राधार : केश, केशभूमी व देश

चरकाचार्यांनी केश व लोम यांस अस्थिधातूचा मल म्हटले आहे आणि गर्भाच्या पितृज भावांत त्यांची गणना केली आहे. केसाचा त्वचेबाहेरील भाग निर्जीव असतो, हे आधुनिक शारीरही सांगते. सजीव असते ते रोमकूपातील मूळ. म्हणून चिकित्सेचे क्षेत्र केशभूमी होय. डोक्यावरील केस महिन्याला सरासरी एक सेंटिमीटर किंवा किंचित अधिक वाढतात आणि रोज ५० ते १०० केस स्वाभाविकपणे गळतात. हे दोन आकडे पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडणार आहेत.

सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत सांगितलेली इंद्रलुप्ताची संप्राप्ती येथे विशेष मननीय आहे. वातासह कुपित झालेले पित्त रोमकूपात जाऊन केस पाडते आणि मग रक्तासह कफ रोमकूपाचा मार्ग रोधतो, त्यामुळे नवा केस उगवत नाही. म्हणजे केस गळणे ही पहिली पायरी व मार्गरोध ही दुसरी. पहिल्या पायरीवर उपाय सोपा, दुसरीवर कठीण. त्याच प्रकरणातील दारुणक हा कफवातज असून त्यात कंडू, रूक्षता व त्वचा फुटणे ही लक्षणे आहेत. कफ, रक्त व कृमी यांपासून होणारी, पुष्कळ मुखे असलेली, क्लेदयुक्त अरुंषिकाही तेथेच वर्णिली आहे. जोडकेसांच्या उपद्रवांत हे तिन्ही व्याधी थोड्याफार फरकाने आपणांस भेटतात.

आता देशविचार. चरकसंहितेच्या कल्पस्थानात आनूप देशाचे वर्णन करताना नारळी-केळीची दाट वने, नद्या व समुद्राचा शेजार हीच लक्षणे दिली आहेत आणि तेथे वात-कफाचे रोग अधिक, असे म्हटले आहे. कोकण व गोवा यांचे हे जणू चित्रच होय. या पट्टीत वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पावसाळ्यात सकाळची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाते. उरलेल्या काळातही हवा सहसा कोरडी होत नाही आणि घाम अंगावर वाळत नाही. देशावरील कोरड्या हवेत निभावून जाणारी निष्काळजी येथे निभावत नाही, याचे कारण हेच.

आहाराचा एक मुद्दाही येथे जोडावा लागतो. लवण व क्षार यांचा अतियोग खालित्य व पालित्य यांस कारण होतो, असे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या प्रारंभीच सांगितले आहे. सुकी मासळी, लोणची, पापड व खारे पदार्थ नित्य असलेल्या किनारपट्टीवरील रुग्णेस हा प्रश्न अवश्य विचारावा.

दमट हवेचा केसांवर परिणाम

केस हा जलग्राही पदार्थ आहे. हवा बाष्पाने संपृक्त असता केस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो. त्यामुळे त्याची जाडी १४-१५ टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र जेमतेम एक-दोन टक्के. वारंवार फुगणे व आकसणे यामुळे केसावरील खवल्यांचे आवरण उचलले जाते, केस खरखरीत होतो व एकमेकांत गुंततो.

जोडकेसांच्या बाबतीत तीन गोष्टी अधिक घडतात.

पहिली गोष्ट भाराची. १०० ग्रॅम जोडकेस भर पावसाळ्यात केवळ हवेतील ओलाव्याने २०-२५ ग्रॅमने जड होऊ शकतात आणि न्हाल्यावर निथळत असता याहूनही पुष्कळ. हा सर्व भार रुग्णेच्या स्वतःच्या मोजक्या केसांच्या मुळांवर पडतो.

दुसरी गोष्ट स्नेहाची. आपल्या केसांस त्वचेतून स्वाभाविक स्निग्धता मिळते, जोडकेसांस ती मिळत नाही. म्हणून मुळाशी चिकटपणा आणि टोकाशी रूक्षता असे विपरीत चित्र दिसते. रुग्णा टोके पाहून तेल मागते, तर मुळास ते नको असते.

तिसरी गोष्ट अवरोधाची. कंगवा धूळ, जंतू व मल दूर करतो, असे सुश्रुताचार्यांनी केशप्रसाधनीचे गुण सांगताना म्हटले आहे. जोडाच्या जागी कंगवा पोचत नाही. तेथे घाम, स्नेह, मृत त्वचा व गळालेले केस साचतात. हा साचलेला क्लेद हेच पुढील उपद्रवांचे मूळ होय.

जोडकेसांचे प्रकार

चिकित्सकास केशरचनेचे तंत्र येण्याची गरज नाही, पण समोर काय आहे हे ओळखता आले पाहिजे.

१. चापाचे जोडकेस : छोट्या चापांनी लावतात व रोज काढतात. गंगावनाच्या सर्वांत जवळचा आणि आपल्या हवेत सर्वांत निर्धोक प्रकार.

२. पट्टीचे जोडकेस : दोन चिकट पट्ट्यांमध्ये स्वतःच्या केसांचा पातळ थर धरलेला असतो. उष्णता, घाम व तेल या तिन्हींनी पट्टी सुटू लागते.

३. केराटिनचे जोड : उष्णतेने मऊ करून केसाभोवती घट्ट केलेले छोटे मणी. तेल व उष्णता यांनी हेही ढिले होतात.

४. कडीचे जोड : धातूची बारीक नळी केसांवर दाबून बसवितात. खाऱ्या हवेत कमी प्रतीच्या कडीस गंज चढतो. कडी घट्ट असल्यास केस तिच्या कडेशी तुटतो.

५. शिवलेले जोड : डोक्यालगत घट्ट बारीक वेण्या घालून त्यांवर केसांची पट्टी शिवतात. ताण सर्वाधिक आणि वाळण्यास वेळही सर्वाधिक. पावसाळ्यात हा प्रकार वर्ज्य मानावा.

केस नैसर्गिक आहेत की कृत्रिम तंतूचे, हेही विचारावे. नैसर्गिक केसांत सर्व खवले एकाच दिशेने असलेले केस कमी गुंततात. उलटसुलट मिसळलेल्या केसांचे खवले आम्लाने काढून वर सिलिकोनचा लेप देतात. काही धुण्यांनंतर तो लेप जातो व केस एकदम निस्तेज होतात. अशा वेळी रुग्णा आपल्या औषधी शाम्पूस दोष देते. कृत्रिम तंतू पाणी फारसे शोषीत नाहीत, परंतु उष्णतेने वितळतात.

कोणास वर्ज्य सांगावे

लावण्यापूर्वी सल्ला विचारणाऱ्या रुग्णा थोड्या, पण त्यांची संख्या वाढू शकते. पुढील अवस्थांत जोडकेस लावू नयेत असे स्पष्ट सांगावे.

केशभूमीवर दारुणक, अरुंषिका, दद्रू, उवा किंवा कोणताही व्रण असता. खालित्य वा इंद्रलुप्त चालू असता. प्रसूतीनंतर पहिले सहा महिने, कारण या काळात केसगळती स्वाभाविकच वाढते. डेंग्यू, विषमज्वर वा अन्य तीव्र ज्वरानंतर तीन-चार महिने, कारण ज्वरानंतरची गळती दोन-तीन महिन्यांनी दिसते. पांडुरोग व थायरॉइडचे विकार नियंत्रणात नसता. कर्करोगावरील औषधांनी गेलेले केस नुकतेच येऊ लागले असता. या शेवटच्या रुग्णांस मऊ अस्तराचा, सैल टोप सुचवावा. त्यांचे दुःख ओळखून ते हळुवारपणे सांगावे.

चिकट द्रव्याची ॲलर्जी असू शकते. म्हणून कानामागे एक पट्टी दोन दिवस लावून पाहण्यास सांगावे. लाली, कंडू वा स्फोट आल्यास तो प्रकार त्या व्यक्तीस निषिद्ध समजावा.

रुग्णपरीक्षण : गळलेला, तुटलेला व ओढला गेलेला केस

जोडकेस काढल्यावर हातात केसांचा गुच्छ येतो आणि रुग्णा घाबरून येते. येथे साधा हिशोब समजावून द्यावा. रोज ५० ते १०० या प्रमाणाने आठ आठवड्यांत संपूर्ण डोक्यावरून सुमारे २८०० ते ५६०० केस स्वभावतःच गळतात. एरवी ते कंगव्यात, उशीवर, न्हाणीत जातात. जोडाच्या पकडीतले केस मात्र गळूनही तेथेच राहतात व काढताना एकदम दिसतात. गुच्छ दिसला म्हणून व्याधी झाला असे होत नाही.

तथापि तो गुच्छ टाकू न देता पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहावा.

- मुळाशी लहान पांढरी गाठ असलेले, पूर्ण लांबीचे केस हे स्वाभाविक गळालेले केस.
- मुळाशी गाठ नसलेले, आखूड व टोक फाटलेले केस हे तुटलेले केस. जोड घट्ट आहे, विंचरणे चुकीचे आहे वा रासायनिक इजा झाली आहे.
- केसाच्या दांड्यावर मऊ पांढरट किंवा कठीण काळपट गाठी दिसल्यास पिएड्रा या बुरशीचा विचार करावा. केस ओले बांधण्याची सवय व दमट हवा तीस पोषक आहे. अशा वेळी सूक्ष्मदर्शक परीक्षा करून घ्यावी.

यानंतर कपाळाची व कानशिलाची केशरेषा पाहावी. सततच्या ओढीने होणारे खालित्य बहुधा येथेच आरंभते. ग्रीनलंडमधील स्त्रियांत घट्ट बांधलेल्या केसांमुळे होणाऱ्या अशा केसनाशाची नोंद १९०७ साली झाली होती, म्हणजे ही गोष्ट वैद्यकास शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. मागच्या बाजूस विरळ जागा आणि तिच्या पुढे कपाळालगत बारीक केसांची झालर शिल्लक, हे तिचे ओळखचिन्ह. आरंभी मुळाशी वेदना, लाली व बारीक पिटिका असतात. या अवस्थेत ओढ थांबविली की केस परत येतात. ओढ वर्षानुवर्षे चालू राहिली की रोमकूप नष्ट होऊन त्वचा गुळगुळीत होते. सुश्रुतोक्त मार्गरोधाची ही दुसरी पायरी. ‘केस बांधल्यावर दुखते का?’ हा प्रश्न म्हणूनच कधीही विसरू नये. दुखणारी केशरचना निरोगी नसते.

नित्य परिचर्या

धुणे. आठवड्यातून दोन वेळा, घाम अधिक असल्यास तीन वेळा. उष्णोदकाने शिरःस्नान केश व नेत्र यांच्या बलाचा नाश करते, असे वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे. जोडकेसांच्या बाबतीत उष्णतेने जोडही ढिला होतो, म्हणून साधे वा किंचित कोमट पाणी घ्यावे. केस डोक्यावर गोळा करून चोळू नयेत. उभे राहून पाणी वरून खाली सोडावे. फेस बोटांच्या अग्रांनी जोडांच्या मधल्या ओळींत हलकेच फिरवावा.

शिकेकाई, रिठा, आवळा, नागरमोथा यांची पूड घट्ट भिजवून लावण्याची आपली पद्धत येथे चालत नाही. पुडीचे कण जोडात अडकतात, फुगतात व कुजतात. हीच द्रव्ये उकळून, दुहेरी फडक्यातून गाळून, निवळ काढ्याच्या रूपात वापरावीत. रिठ्याचे प्रमाण अल्प ठेवावे व डोळे जपावे. जास्वंदीचा बुळबुळीत रस केवळ मध्यापासून टोकांपर्यंत लावून पूर्ण धुवावा. सोडा, राख वा क्षारोदक सर्वथा टाळावे, कारण क्षाराने केस फुगतो व खवले उचलतात. दारुणकात ग्रंथोक्त असलेले क्षारोदक प्रक्षालनही जोडकेस असेतो देऊ नये. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी वैशाखात मचूळ होते, तेव्हा शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा असावा.

वाळविणे. आपल्या हवेत सर्व परिचर्येचा प्राण हाच आहे. पंचाने दाबून पाणी टिपावे, झटकू वा पिळू नये. प्रथम जोडांच्या ओळी पंख्याच्या वाऱ्यावर किंवा यंत्राच्या थंड झोताने कोरड्या कराव्यात, टोके मागाहून वाळली तरी चालतात. ओले केस बांधू नयेत, ओल्या केसांनी निजू नये. रात्री न्हाण्याची सवय सोडण्यास सांगावे. ओला गजरा रात्रभर जोडाजवळ ठेवू नये. दुचाकीवरून जाणाऱ्या स्त्रियांनी शिरस्त्राणाखाली सुती रुमाल बांधावा व उतरल्यावर केस मोकळे करावेत.

आपल्याकडे बाळंतिणीस शेक-शेगडी व केसांस धुरी देण्याची चाल आहे. जोडकेस असता धुरी व शेगडी जवळ नेऊ नये. केराटिन व पट्टी मऊ होते आणि कृत्रिम तंतू पेट घेण्याचा धोका असतो. प्रसूतीपूर्वीच जोडकेस उतरविण्याचा सल्ला हा यावरचा सरळ उपाय.

स्नेहन. मूर्धतैलाचे अभ्यंग, परिषेक, पिचू व बस्ती हे चारही प्रकार जोडकेस असता स्थगित ठेवावेत. जोडास तेल लागले की पकड सुटते व तेलात धूळ बसते. शिवाय कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया ही बुरशी स्नेहावरच पोसते, म्हणून कोंडा असलेल्या, झाकलेल्या केशभूमीवर तेल राखणे हितावह नाही.

तथापि टोकांस स्नेह हवाच. येथे खोबरेल तेल उत्तम. २००३ साली मुंबईतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना केली असता केसातील प्रथिनांचा ऱ्हास केवळ खोबरेलाने लक्षणीय कमी झाल्याचे आढळले, कारण ते केसाच्या आत शिरते. धुण्यापूर्वी तासभर, कानाच्या पातळीखालील नैसर्गिक केसांस, तळहातावर चोळलेले पाच-सात थेंब पुरेत. कृत्रिम तंतूस तेल लावू नये.

विंचरणे व निजणे. टोकापासून आरंभ करून वर यावे, जोड बोटांत धरून मगच त्याखालील केस विंचरावेत. निजताना सैल एकपदरी वेणी घालावी. समुद्रस्नानापूर्वी वेणी घालावी व बाहेर येताच गोड्या पाण्याने धुवावे.

काढणे. आठ आठवड्यांत केस दीड-दोन सेंटिमीटर वाढतो, जोड तितका खाली उतरतो, लोंबतो व मुळास हेलकावे देतो. म्हणून मुदत पाळावी. घरी ओढून काढू नये. काढण्याची द्रावणे बहुधा मद्यार्क वा ॲसिटोनयुक्त व ज्वालाग्राही असतात. देवघरातील समई व स्वयंपाकघरातील चूल यांपासून ती दूर ठेवावीत. काढल्यावर किमान महिना-दोन महिने केशभूमीस विश्रांती द्यावी. मूर्धतैलाचा काळ हाच.

ऋतुविचार

ग्रीष्म : स्वेदाधिक्य. पट्ट्या सरकतात. धुणे वाढवावे, केस उंच पण सैल बांधावेत.

वर्षा : क्लेदाधिक्य, अग्निमांद्य, वातप्रकोप. नवे जोडकेस लावू नयेत. ज्येष्ठ लागण्यापूर्वी लावलेले काढून टाकावेत. आवश्यकच असल्यास चापाचे वापरावेत.

शरद : पित्तप्रकोप. पावसाळ्यातील केसगळती या ऋतूत अधिक जाणवते. तिक्तरसप्रधान आहार, विरेचनाचा विचार, केशभूमीची तपासणी.

हेमंत-शिशिर : कोकणात हवा त्यातल्या त्यात कोरडी. हौसेने लावायचेच तर मार्गशीर्ष ते माघ हा काळ योग्य.

उपद्रव व चिकित्सा

सर्व उपद्रवांत निदानपरिवर्जन, म्हणजे जोडकेस उतरविणे, ही पहिली चिकित्सा. रुग्णा म्हणते, ‘कार्य होईपर्यंत राहू द्या.’ केवळ किंचित कंडू असेल तर दोन-चार दिवसांची सवलत देता येईल. स्राव, पिटिका, दुर्गंध वा वेदना असल्यास देऊ नये.

दारुणकसदृश अवस्थेत त्रिफळा किंवा निंबाच्या गाळलेल्या, थंड काढ्याने परिषेक करून त्वरित कोरडे करावे. जोडकेस निघाल्यावरच स्नेहकल्पनांकडे वळावे. अरुंषिकेत निंबक्वाथाने प्रक्षालन, रक्तप्रसादक आभ्यंतर औषधे व पथ्य यांची योजना करावी. ओढीमुळे आलेल्या विरळपणात ओढ पूर्ण थांबवून, त्वचा शांत झाल्यावर, भृंगराज वा मालत्यादी तेलाचा सौम्य अभ्यंग व रसायन द्रव्यांचा विचार करावा. तीन-चार महिन्यांत नवे केस न दिसल्यास वाट पाहत बसू नये.

पू, ज्वर, मानेतील ग्रंथी सुजणे, बोटाने दाबल्यास मऊ लागणारा सुजलेला भाग, गुळगुळीत चकाकणारी केशहीन त्वचा यांपैकी काहीही आढळल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. यात कमीपणा नाही, कारण रोमकूप एकदा नष्ट झाला की कोणत्याही पद्धतीचे तेल तो परत आणीत नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

केशतेलाची बाटली पुष्कळदा वैद्याच्या सल्ल्यावाचूनच विकली जाते. तेव्हा पहिला प्रश्न विचारण्याची संधी आपणाकडे असते. केशतेल, औषधी शाम्पू वा लेपचूर्ण देताना पुढील चार प्रश्न विचारावेत :

१. सध्या जोडकेस लावले आहेत काय, आणि केव्हापासून?
२. डोक्यास कंडू, स्राव वा वेदना आहे काय?
३. गेल्या सहा महिन्यांत प्रसूती वा मोठा ज्वर झाला काय?
४. केसांवर इतर कोणते औषध लावीत आहात?

पहिल्याचे उत्तर होकारार्थी असल्यास सिद्ध तेल मुळाशी न लावण्यास सांगावे. दुसऱ्याचे होकारार्थी असल्यास वैद्याकडे पाठवावे. एक बाटली कमी खपेल, परंतु ते गिऱ्हाईक पुढे विश्वासाने येईल. हे प्रश्न ग्राहकाने सर्वांदेखत विचारलेले आवडणार नाहीत, म्हणून शक्यतो स्त्री-कर्मचाऱ्याने, हळू आवाजात विचारावेत.

समारोप

सौंदर्याची इच्छा अनुचित नाही. केशप्रसाधनास आपल्या संहितांतही आदराचे स्थान आहे. विरळ केसांमुळे चारचौघांत जाण्यास कचरणारी स्त्री जोडकेस लावते, तेव्हा ती आपल्या परीने एका दुःखावर उपाय करीत असते. तिला हसू नये आणि रागावूही नये. ती निःसंकोच सांगेल असे वातावरण चिकित्सालयात असावे आणि केस बाजूस सारून केशभूमी पाहण्याची शिस्त आपल्या अंगी असावी. गंगावन रात्री उतरवून ठेवणाऱ्या आपल्या आजीचा नियमच येथे पुरेसा मार्गदर्शक आहे : उसना भार वेळेवर उतरवावा.

स्वाध्याय

१. जोडकेस काढल्यावर आलेल्या केसांच्या गुच्छाची परीक्षा कशी कराल? गळालेला व तुटलेला केस यांत भेद कोणता?
२. जोडकेस असता मूर्धतैल का स्थगित ठेवावे? टोकांच्या रूक्षतेवर काय योजाल?
३. इंद्रलुप्ताच्या सुश्रुतोक्त संप्राप्तीच्या आधारे ओढीमुळे होणाऱ्या केसनाशाची साध्यासाध्यता स्पष्ट करा.
४. आपल्या गावातील पाणी, हवा व आहार ध्यानी घेऊन आपल्या रुग्णांसाठी एक पानाचे सूचनापत्रक तयार करा व ते चिकित्सालयात लावा.